सिंहाचा अधिवास दाखला

जावळी तालुक्याची तहसील कचेरी मेढ्याला आहे. प्रवेशासाठी, नोकरीसाठी अधिवासाचा दाखला हवा असला की तालुक्यातला माणूस कागदांची पिशवी काखेत मारून वेण्णेकाठच्या या गावी येतो. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि वर स्वयंघोषणापत्र. ज्याच्या पणजोबानेही इथल्याच उतारावर नाचणी पेरली, त्यालाही आपण इथलेच आहोत हे कागदावर पटवून द्यावं लागतं. सिंहाला असलं काही लागत नाही. बालवाडीच्या भिंतीवर प्राण्यांचा तक्ता चढला की पहिल्या ओळीत पहिला तोच. शेजारी जिराफ, पुढे झेब्रा, मग पोटाच्या पिशवीत पिल्लू घेतलेलं कांगारू, आणि तळाला बर्फाच्या लादीवर पेंग्विन. रानातला सिंह आज भारतात फक्त गुजरातेत आहे. २०२५च्या मोजणीत ८९१ भरले, त्यातल्या एकाचंही नाव जावळीच्या मतदारयादीत नाही. तरी चार वर्षांच्या पोराला ‘जंगलात कोण राहतं?’ विचारलं तर ते छाती फुगवून ‘सिंह’ म्हणतं, आणि ज्या खिडकीकडे पाठ करून ते हे सांगतं तिच्यातून जंगल दिसत असतं. तेही काही किरकोळ जंगल नव्हे. १६५९ साली अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी आला तो याच रानातून वाट काढत. जावळीच्या रानाची ख्याती तेव्हा विजापूरच्या दरबारापर्यंत पोचली होती. बालवाडीच्या तक्त्यापर्यंत अजून पोचायची आहे.

म्हणणं साधं आहे, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. प्राणी शिकवायचा तर त्याची जागा वगळून शिकवता येत नाही, आणि जागा शिकवायची तर मुलाच्या पायाखालच्या जागेपासूनच सुरुवात करावी लागते. मेढ्याच्या मुलाने आधी मेढ्याचे प्राणी शिकावेत, मग कासच्या सड्यावरचे, मग कोयनेच्या रानातले, आणि पुढे सवडीने आफ्रिकेचे. आपण आफ्रिकेपासून सुरू करतो आणि मेढ्यापर्यंत यायच्या आत शाळा सुटते.

यावर कोणी म्हणेल, तक्ता जागाही सांगतोच की. ‘प्राणी व त्यांची घरे’ असा स्वतंत्र तक्ता बाजारात मिळतो आणि त्यावर प्रत्येकाच्या नावे एकेक घर चढवलेलं असतं: गाईचा गोठा, घोड्याचा तबेला, कोंबडीचं खुराडं, उंदराचं बीळ, सिंहाची गुहा. गोठा-तबेल्यापर्यंत ठीक, ती घरं माणसानेच बांधली, तेव्हा पत्ता चुकायचं कारण नाही. घोटाळा पुढे आहे. सिंह गुहेत राहत नाही. गवताळ माळावर, झुडपांच्या सावलीला दिवसाचा बराचसा वेळ लोळून काढणारा तो प्राणी. गुहा त्याला पंचतंत्राने मिळवून दिली, कारण गुहेशी बोलणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट झुडपाशी बोलून रंगली नसती. काही तक्त्यांवर पोपटाचं घर म्हणून चक्क पिंजरा काढलेला असतो. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे; म्हणजे कैद्याचं मूळ गाव येरवडा असं सांगण्यापैकीच हा प्रकार. वारूळ कधी मुंग्यांच्या नावावर असतं, कधी नागाच्या. बांधते ती वाळवी. नाग तिथला पोटभाडेकरू, तोही भाडं न देणारा. मग गुहेत खरोखर राहतं तरी कोण? आपल्या डोंगरांत विचाराल तर वटवाघळं. पण वटवाघूळ उलटं लटकलेलं, चित्र छापताना चुकलं असं गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हणून त्याला वगळत असावेत. आणि या तक्त्याच्या मागे, कागद आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, पाल राहते. वर्गातला तेवढा एकच पत्ता बिनचूक, नेमका तो तक्त्याच्या पाठीमागे.

पण तक्त्याला तरी किती बोल लावायचा? घरांचा हा गोंधळ मूल धड बोलायला लागण्याआधीच सुरू झालेला असतो. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, ही मराठी मुलाची प्राणिशास्त्रातली पहिली नोंद. वस्तुतः कावळा शेणात चोच घालतो ती किडे टिपायला. घर बांधतो काटक्यांचं, मिळाली तर तारसुद्धा गुंफतो, आणि ते उंच झाडाच्या बेचक्यात इतकं पक्कं बसवतो की कोकिळेला आपलं अंडं ठेवायला दुसरी जागा पसंत पडत नाही. गोष्टीत ज्याला बेघर करून पावसात दाराबाहेर ताटकळत ठेवलं, तोच प्रत्यक्षात दुसऱ्याची पोरं पोसतो. चिमणीने उभ्या जन्मात मेण वापरलेलं नाही. ती आपल्याच घरात, वाशाच्या खोबणीत नाहीतर आजोबांच्या फोटोमागे काडीकचरा आणून राहते. मेणाचं घर असतं मधमाशीचं, आणि त्याची चौकशी करायला लांब जायला नको. शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. तिथली सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, अंधारात, मेणाची एकाशेजारी एक पोळी लावून राहते. राहिलं शेणाचं घर. ते आहे पेंग्विनचं! मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियाहून आणलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. त्यांचं मूळ ठिकाण पेरू आणि चिली देशांचा खडकाळ, वाळवंटी समुद्रकिनारा. तिथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर साचलेले असतात, आणि त्या थरांत बीळ कोरून हे पेंग्विन अंडी घालतात. बर्फाच्या लादीशी त्यांचा संबंध आलाच तर भायखळ्यात, वातानुकूलनामुळे. म्हणजे आपली गोष्ट खोटी नव्हती, फक्त पात्रांच्या वाटपात गडबड झाली होती.

अक्षरओळखीने या गोंधळात आणखी भर घातली. शहामृग आफ्रिकेच्या कोरड्या माळांवरचा. तो निव्वळ ‘श’च्या वशिल्याने महाराष्ट्राच्या घराघरांत शिरला. ‘झ’ला झेब्रा हवा, ‘ज’ला जिराफ हवा. भूगोल असा बाराखडीच्या सोयीने ठरत गेला. वास्तविक ‘श’साठी घरचा उमेदवार हजर होता: शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, महाबळेश्वरापासून कोयनेपर्यंतच्या दाट झाडीत वावरणारा, तांबूस पाठीचा, झुपकेदार शेपटीचा, चित्रातही शहामृगाहून कितीतरी देखणा. त्याची एकच अडचण, ती घरांच्या तक्त्याला. एकच शेकरू उंच झाडांवर काटक्या-पानांची गोलसर घरटी एकाहून जास्त बांधून ठेवतं. झोपायला एक, पिल्लांसाठी एक, वर एखादं राखीव. महाबळेश्वर-पाचगणीकडे एका मालकाची दोन-तीन घरं असणं नवं नाही, पण शेकरू आपली घरं वर्षभर कुलूप लावून ठेवत नाही, आणि तेवढ्यावरून त्याला राज्यप्राणी करणं योग्य होतं असं वाटतं.

मग इथे नेमकं कोण राहतं, कुठे राहतं, काय खातं, याची नोंद कुणाकडे आहे? वनखात्याकडे आहे, आणि तीही नुकसानभरपाईच्या फायलींत. गवा रात्री रानातून शेतात उतरतो. सकाळी शेतकरी अर्ज देतो, वनरक्षक येतो, पंचनामा होतो. जनावर कुठल्या बांधावरून आत आलं, खुरांचे ठसे केवढे, शेण कुठे पडलं, एकटं होतं की कळप होता, पीक खाल्लं किती आणि तुडवलं किती, दिवस कुठला, वेळ अदमासे कोणती. खाली पंचांच्या सह्या. प्राण्याचा आहार, सवयी, जाण्यायेण्याची वाट आणि ऋतूप्रमाणे होणारी हालचाल इतक्या नेमकेपणाने टिपणारं दुसरं लेखन तालुक्यात शोधूनही मिळणार नाही. नर गव्याचं वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकतं, आणि एवढ्या काळ्या धिप्पाड देहाखाली चारही पायांत पांढरे मोजे. चार वर्षांच्या मुलाला आवडायला याहून काय हवं? शिवाय याचा रहिवास पंचांसमक्ष शाबीत आहे. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पंचनाम्यात गवा आरोपी म्हणून येतो, आणि मुलांना शेजाऱ्याची ओळख त्याच्यावरच्या खटल्यापासून करून देणं बरं नव्हे. पंचनाम्याची पद्धत घ्यावी, निकाल शेतकऱ्याच्या हातात राहू द्यावा.

वाघाची कथा याच्या उलट, आणि तक्त्यावर विसंबणाऱ्यांनी ती लक्षात घेण्याजोगी. कोयना अभयारण्य १९८५चं. त्यात जावळीचं रानही आलं. पुढे कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. घर सिद्ध झालं, फाटक लागलं, फलक लागले, या घरासाठी काही गावांनी आपली घरं सोडून दुसरीकडे बिऱ्हाड मांडलं. वाघ तेवढा मुक्कामाला येईना. खुणा मिळायच्या, क्वचित एखादा कॅमेऱ्यात चमकून जायचा, की पुन्हा सामसूम. २०२३च्या डिसेंबरात एक नर कॅमेऱ्यात आला, त्याचं नाव सेनापती ठेवलं. २०२५च्या नोव्हेंबरात तर ताडोबातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. तक्त्यावर प्राणी असतो आणि जागा नसते. सह्याद्रीत जागा होती आणि प्राणी नव्हता. दोन्हींतून एकच गोष्ट कळते, की वाघ ही एकटीदुकटी वस्तू नव्हे. त्याच्यामागे सांबर लागतं, सांबरामागे गवत आणि झाडी, झाडीमागे पाणी आणि माणसाची थोडी माघार. हे सगळं तक्त्यावरच्या दोन इंचांच्या चौकटीत बसत नाही. ओढ्याकाठी उभं राहून सांगितलं तर अंगणवाडीच्या मुलालाही कळतं, कारण पाणी आटलं की म्हैस कुठे जाते हे त्याने पाहिलेलं असतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत प्रेमळ आक्षेप असा, की मुलांना लांबचेच प्राणी आवडतात. त्यांच्या कल्पनेला पंख फुटू द्या, तुम्ही कुठे त्यांना गोठ्यात नेऊन बांधताय? आवडतात हे खरं आहे. पण मुलांना डायनोसॉर सर्वांत जास्त आवडतो, आणि त्याच्या घराचा प्रश्न तर कायमचाच मिटलेला आहे. आवड आणि समज या दोन निरनिराळ्या गोष्टी. पंखांना उडायला एक फांदी लागते, आणि ती जवळची असावी लागते. ज्या मुलाला म्हैस डबक्यात का बसते हे कळलं, त्याला पाणघोडा दिवसभर पाण्यात का बुडून राहतो हे एका वाक्यात सांगता येतं. ज्याला म्हैसच कुणी समजावली नाही, त्याच्या लेखी पाणघोडा हा निव्वळ फुगलेला घोडा. शिवाय लांब म्हणजे किती लांब हेही घरोघरी वेगळं. जावळीतली कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या माथाडीच्या कामाला मुंबईत. मे महिन्यात बापाकडे गेलेलं पोर राणीची बाग पाहून परत येतं, आणि ‘पेंग्विन कुठे राहतो?’ या प्रश्नाला ‘भायखळ्याला’ असं उत्तर देतं. या उत्तरात डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे; बर्फाच्या लादीमागे तोही नाही.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर विरुद्ध बाजूने येतो, बहुधा तालुक्यातल्याच जाणत्या माणसाकडून. गावच्या पोरांना हे सगळं ठाऊकच असतं, त्यात शिकवायचं काय? यातला पहिला अर्धा भाग मान्य. पहिला पाऊस झाला की खेकडे धरायला निघालेली पोरं बघावीत. बिळाच्या तोंडाशी ओली, ताजी उकरलेली माती आहे का, कडा घासून गुळगुळीत झाल्यात का, आत खेकडा असेल की दुसराच कुणी येऊन बसला असेल, हात घालायचा की काडी, एवढा विचार ती निमिषात करतात. त्याला विद्यापीठात क्षेत्रीय अभ्यास म्हणतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. तेच पोर सोमवारी वर्गात ‘खेकडा कुठे राहतो?’ या प्रश्नाला ‘समुद्रात’ म्हणून मोकळं होतं, कारण पुस्तकातल्या चित्रात खेकडा वाळूवर आहे आणि मागे लाटा आहेत. आपल्याला जे माहीत आहे ते शाळेत चालत नाही, एवढाच धडा त्याने त्या चित्रातून घेतलेला असतो, आणि पक्का घेतलेला असतो. सरकारला हे अगदीच समजलेलं नाही असंही नाही. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं, साताऱ्याचं साताऱ्यासाठी. पण तिसरीत जाईस्तोवर मूल आठ वर्षांचं होतं, आणि पाच वर्षं ठाण मांडून बसलेल्या जिराफाला बेदखल करणं हे कूळकायद्यापेक्षा अवघड काम आहे.

तिसरा आक्षेप गंभीर. जवळचे प्राणी चावतात. कागदावरचा सिंह चावत नाही. ओढ्याकाठचं फुरसं चावतं. पण हाच आक्षेप जरा उलटून बघावा. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं त्याला कळतही नाही, इतका तो दंश हलका असतो. म्हणजे मण्यारीचा अधिवास आणि आपला अधिवास रात्रीपुरता एकच. जमिनीऐवजी खाटेवर झोपावं, अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकू नये, सरपणाच्या ढिगात डोळे मिटून हात घालू नये, ही तिच्या घराची माहिती आहे आणि ती जीव वाचवते. तक्त्यावर सिंहाला गुहा मिळाली, मण्यारीला ओळसुद्धा मिळाली नाही. शिकवायचं म्हणजे जनावर हातात घ्यायचं, अशी एक समजूत आपल्याकडे आहे, तीही इथे निस्तरायला हवी. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांसाठी गाजलेली. न्यायालयाच्या आदेशांनंतर तो प्रकार थांबला. २०२५ साली केंद्र सरकारने तिथे २१ नाग पकडायला परवानगी दिली, आणि कारण दिलं शिक्षणाचं. शिराळकरांच्या श्रद्धेविषयी इथे वाद घालायचा नाही. पण शिक्षणच करायचं असेल तर गाडग्यातून आणलेला नाग शिकवतो ते इतकंच, की नाग गाडग्यात राहतो. भाताच्या शेतातले उंदीर, उंदरांमागे आलेला नाग आणि बांधावरचं त्याचं बीळ हे चार हात लांबून दाखवता येतं, आणि त्यासाठी केंद्राची परवानगी लागत नाही.

राहिली परीक्षा. लहान मुलांना एका प्रश्नाचं एकच ठाम उत्तर द्यावं, नाहीतर ती गोंधळतात, असं शिक्षणातली बरीच समंजस माणसं मानतात. त्यांनी बिबट्याचं काय करायचं ते एकदा सांगावं. पुस्तक म्हणतं जंगलात. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात बिबट्याची मादी उसाच्या फडात पिल्लं घालते. ऊसतोड सुरू झाली की सरीत पिल्लं सापडतात आणि वनखात्याची माणसं त्यांची आईशी गाठ घालून द्यायला रात्री फडाच्या कडेला बसतात. उसात जन्मलेल्या त्या पिल्लाला जंगल हे ऐकून माहीत. ऊसतोड कामगाराच्या पोराने पेपरात ‘बिबट्या उसात राहतो’ लिहिलं तर त्याचा गुण कापायचा, आणि ज्याने जंगल लिहिलं त्याला पैकीच्या पैकी द्यायचे, असा आजचा न्याय आहे. गोंधळ मुलांचा होत नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याचा होतो, आणि त्याच्या सोयीसाठी बिबट्याला जंगलात राहावं लागतं.

हे सगळं बोलायला ठीक, करणार कोण, हा शेवटचा आक्षेप. करून झालेलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरांमागे होती. तेव्हा शाळाच गुरांमागे गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. पानं, बिया, शंख, दगड हे तिथलं शैक्षणिक साहित्य. पुढे १९७५ पासून सरकारने अंगणवाडी देशभर नेली, तेवढं अंगण वाटेत कुठेतरी राहिलं. मेढ्याभोवतीच्या शाळेला तर कुरण शोधायलाही जायला नको, ते दारातच आहे. अडचण निराळी आहे. समजा एखाद्या बाईंनी मनावर घेतलं आणि पहिलीची पोरं रांगेने ओढ्याकडे नेली, आणि नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला आले. शेरेबुकात काय उमटेल ते सगळ्या गुरुजनांना पाठ आहे: ‘भेटीच्या वेळी वर्गात एकही विद्यार्थी आढळला नाही. खुलासा सादर करावा.’ खुलासा जरूर सादर करावा. सोबत मुलांनी काढलेला खेकड्यांच्या बिळांचा नकाशा जोडावा, दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.